सोलर सक्तीचं झालंय, पण आधी छप्पर बघा

मागच्या अंकात जर्मनीतल्या सोलर सक्तीवर, म्हणजे नवी इमारत बांधली किंवा छप्पर नवं केलं की वर सोलर लावायलाच हवं या तिथल्या काही राज्यांच्या कायद्यावर, दोन ओळी काय लिहिल्या, मेलबॉक्स भरून गेला. बहुतेक पत्रं श्टुटगार्टच्या आसपासची आहेत, आपली मराठी मंडळी तिकडे नोकरीबरोबर आता धंद्यातही बऱ्यापैकी शिरलीत, कुणाचं मसाल्याचं गोडाऊन आहे कुणाचं रेस्टॉरंट. एक पत्र भोसरीहून आलंय, ते मुद्दाम शेवटी घेतलंय कारण त्याला जरा सविस्तर उत्तर द्यायचं होतं. सगळ्यांनी विचारलेलं एकच की पॅनल कुठलं घेऊ आणि किती खर्च येईल. मी म्हणेन तो प्रश्न तिसऱ्या नंबरचा, आधी छप्पर आणि मग कागद, हे दोन जुळले की पॅनल पंधरा दिवसात चढतात.

प्रश्न : लुडविग्सबुर्गजवळ आमचं भारतीय किराण्याचं होलसेल गोडाऊन आहे, स्वतःच्या मालकीचा हॉल, साधारण ६०० स्क्वेअर मीटर छप्पर, १९८० च्या सुमाराचं. करड्या रंगाचे सिमेंटचे पन्हाळी पत्रे आहेत आणि दोन वर्षं झाली दोन-तीन ठिकाणी गळतंय. डाखडेकर, म्हणजे छपराचं काम करणारा, म्हणतो पूर्ण छप्पर बदला. पण कुणीतरी सांगितलं की बदललं तर सोलर लावणं सक्तीचं होतं. मग थोडी थोडी डागडुजी करून वेळ काढावा का? सोलरचा खर्च आत्ता झेपेल असं वाटत नाही.

दादा, सांगणाऱ्याने बरोबर सांगितलंय. तुमच्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात १ जानेवारी २०२२ पासून नव्या व्यावसायिक इमारतींना सोलर सक्तीचं झालं, त्याच वर्षी मे पासून नव्या घरांना, आणि १ जानेवारी २०२३ पासून जुन्या इमारतीचं छप्पर मुळापासून नवं केलं तरी लागतं. मुळापासून म्हणजे वरचं आच्छादन किंवा वॉटरप्रूफिंग पूर्णच्या पूर्ण नवं करणं. वादळात चार पत्रे उडाले आणि तेवढेच दुरुस्त केले तर सक्ती लागू होत नाही, अचानक झालेलं नुकसान भरून काढायची कामं कायद्याने वगळलीत. त्यामुळे डागडुजी करत राहिलात तर कागदोपत्री तुम्ही मोकळे.

पण तुमच्या छपराचं वय आणि वर्णन वाचून मला वेगळीच काळजी वाटतेय. १९८० च्या सुमाराचे करडे पन्हाळी सिमेंट पत्रे म्हणजे त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता खूप मोठी आहे, त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले की जीवघेणे ठरतात, जर्मनीत त्यावर पूर्ण बंदी १९९३ मध्ये आली, त्याआधीच्या हॉलवर सगळीकडे हेच पत्रे. असे पत्रे घासायचे नाहीत, प्रेशरने धुवायचे नाहीत, त्यात ड्रिल मारायचं नाही, वरून रंगकाम नाही आणि त्यांच्यावर सोलर बसवायला तर थेट मनाई आहे. म्हणजे तुम्ही ज्याला थोडी डागडुजी म्हणताय ती करायला गेलात की त्यातलं निम्मं बेकायदेशीर ठरेल आणि खाली तुमची डाळ-तांदळाची पोती आहेत हे विसरू नका. आधी एका तुकड्याची लॅबमध्ये तपासणी करून घ्या, पण तो तुकडा स्वतः तोडू नका, परवाना असलेल्या माणसाकडूनच काढून घ्या. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर माझं मत सरळ आहे, वेळ काढू नका, छप्पर बदला आणि सोलर त्याच झटक्यात बसवून टाका.

एकाच वेळी का, तर मचाणामुळे. गेर्‍युस्ट उभं करायचा, सेफ्टीच्या जाळ्या लावायचा, क्रेन बोलवायचा खर्च छपरासाठी तुम्ही करणारच आहात, तेच मचाण सोलरवाल्याला वापरू दिलं की तो खर्च दुसऱ्यांदा होत नाही. आणि डाखडेकरला आधीच सांगितलंत की वर सोलर येणार आहे तर तो पत्र्याचा प्रकार त्या हिशोबाने निवडतो. इथे एक बारीक गोष्ट नीट बघा, नवे सँडविच पॅनलचे पत्रे दोन प्रकारचे मिळतात, एकात आत फोम असतो आणि दुसऱ्यात दगडी लोकर. फोमवाला स्वस्त आहे पण तो जळतो, आणि जळणाऱ्या छपरावर सोलर म्हटलं की विमा कंपन्या नाक मुरडतात, कधी हप्ता वाढवतात कधी सरळ नकार देतात. तेव्हा पत्र्याची ऑर्डर देण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि लेखीच उत्तर घ्या. फोनवर 'चालेल' म्हणालेला माणूस आग लागल्यावर सापडत नाही.

वजनाचं म्हणाल तर एक पॅनल साधारण २ स्क्वेअर मीटरचं, वजन २१-२२ किलोच्या आसपास, रेल वगैरे धरून स्क्वेअर मीटरला १२ ते १५ किलो पडतं. जुने सिमेंट पत्रे जड असतात, ते उतरले आणि त्यापेक्षा हलके पत्रे आले तर सोलरच्या वजनापैकी काही भाग तिथेच वळता होतो. तरी श्टाटिकरकडून, म्हणजे इमारतीचा भार तपासणाऱ्या इंजिनिअरकडून, हिशोब करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका कारण बर्फाचं वजन वेगळं धरावं लागतं, आणि जुन्या हॉलचे मूळ नकाशे सापडत नसतील तर बाउअम्टच्या, म्हणजे बांधकाम परवानगीच्या कचेरीच्या, जुन्या फाइलीत शोधा, तिथे बरेचदा मिळतात. ते मिळाले तर श्टाटिकरचं काम निम्म्यावर येतं.

आता किती लावायचं. कायदा म्हणतो सोलरसाठी योग्य असलेल्या छपरापैकी किमान ६० टक्के. ६०० पैकी खिडक्या, धुराडी, सावली वगळून समजा ५०० योग्य निघालं, तर ३०० स्क्वेअर मीटर झाकावं लागेल, म्हणजे ६०-६५ किलोवॉट. तुमच्या भागात एक किलोवॉट वर्षाला १००० युनिटच्या आसपास देतो. आता लोक इथे दोन टोकं गाठतात, एक जण कायद्यापुरतं लावून मोकळा होतो आणि दुसरा सेल्समनच्या नादाने छप्पर काठोकाठ भरतो. दोन्ही करण्याआधी नेट्सबेट्राइबरकडून, म्हणजे विजेचं जाळं चालवणाऱ्या कंपनीकडून, तुमच्या मीटरचा दर १५ मिनिटांचा वापर मागून घ्या, मोठ्या ग्राहकांना तो मिळतो, आणि एक्सेलमध्ये उघडून जून महिन्यातला एक साधा मंगळवार बघा. तुमच्याकडे पनीर, फ्रोझन पराठे, भाज्या यांची कोल्ड रूम असणार, ती उन्हाळ्यात दुपारी सगळ्यात जास्त चालते आणि नेमकी तेव्हाच छपरावर वीज तयार होते. होलसेलवाल्यांचं नशीब इथे चांगलं आहे. स्वतः वापरलेलं प्रत्येक युनिट तुम्हाला ग्रिडच्या भावाने वाचतं, जे धंद्यासाठी साधारण २० सेंटच्या वरच असतं, आणि ग्रिडला दिलेल्या युनिटला तुमच्या साइझला ५ ते ८ सेंटच्या दरम्यान मिळतात. त्यात २५ फेब्रुवारी २०२५ पासून बसवलेल्या सिस्टिमला, स्मार्ट मीटर लागल्यानंतर, बाजारभाव शून्याखाली गेला की त्या वेळेत काहीच मिळत नाही, आणि स्मार्ट मीटर लागेपर्यंत क्षमतेच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त वीज ग्रिडला सोडता येत नाही. म्हणून स्वतःचा दुपारचा वापर हाच मापदंड धरा. वाढवायचंच ठरलं तरी १०० किलोवॉटच्या आत थांबा, त्याच्या वर गेलं की ठरलेला भाव बंद होऊन वीज बाजारात विकायला मध्यस्थ नेमावा लागतो, आणि ६०० मीटरच्या गोडाऊनला ती कटकट मला तरी नको वाटते.

खर्च झेपत नाही म्हणताय त्यावर दोन वाटा आहेत. केएफडब्ल्यू या सरकारी बँकेचं सोलरसाठीचं कर्ज आहे, ते तुमच्या नेहमीच्या बँकेतूनच मागायचं आणि ऑर्डर देण्याआधी मागायचं, नंतर नाही. दुसरं म्हणजे छप्पर भाड्याने देणं, कायद्याला सोलर लागलेलं हवं, ते तुमच्याच पैशाने हवं असं नाही. दुसरी कंपनी स्वतःच्या खर्चाने लावते आणि तुम्हाला भाडं देते. पण ती कंपनी ग्रुंडबुखमध्ये, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदवहीत, स्वतःचा हक्क नोंदवून मागते, साधारण २० वर्षांसाठी, आणि हॉलवर बँकेचं कर्ज असेल तर बँकेला विचारल्याशिवाय ते होत नाही. तुमच्यासारखा दिवसा कोल्ड रूम चालवणारा माणूस असेल तर भाड्यापेक्षा स्वतःचं सोलरच जास्त फायद्याचं ठरतं असं माझं ठाम मत आहे. श्टॉयरबेराटरकडे, म्हणजे कर सल्लागाराकडे, मात्र कोटेशनवर सही करायच्या आधी जा, गुंतवणुकीआधीच वजावट घ्यायची सोय तिथे असते आणि वर्ष चुकलं की ती हातची जाते.

आणि सगळ्यात आधी, म्हणजे हे वाचून झाल्यावर लगेच, नेट्सबेट्राइबरकडे जोडणीचा अर्ज टाका. तो फुकट पडून राहिला तरी चालेल. १९८० चा मीटर कपाट असेल तर ते बदलावं लागणार हे जवळजवळ नक्की, आणि त्याचा खर्च सोलरच्या कोटेशनमध्ये बरेचदा धरलेला नसतो, 'बाउझाइट्स', म्हणजे 'हे गिऱ्हाईकाने बघायचं', असं लिहून तुमच्या गळ्यात मारलेला असतो. तो शब्द कोटेशनमध्ये दिसला की तिथे बोट ठेवून रक्कम विचारा.

प्रश्न : एसलिंगेनला भाड्याच्या जागेत आमचं रेस्टॉरंट आहे. घरमालक छप्पर नवं करतोय आणि म्हणतो सोलर कायद्याने लागतंय त्यामुळे त्याचा वाटा तुम्ही उचला. हे बरोबर आहे का?

ताई, सोलर लावायची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. तुम्ही वाटा उचलायचा की नाही हे फक्त तुमच्या करारात काय लिहिलंय त्यावर ठरेल, दुकानाच्या भाडेकराराला घरभाड्याचे संरक्षणाचे नियम तसेच्या तसे लागू होत नाहीत त्यामुळे तो कागद एकदा वकिलाला दाखवाच, आणि तोपर्यंत कुठल्याही मेलला 'ओके' असं उत्तर पाठवू नका.

पण भांडण्याच्या नादात एक चांगली संधी घालवू नका. मालकाला म्हणा, पैसे देत नाही पण वीज विकत घेते. तुमचे फ्रीज, डीप फ्रीजर, एक्झॉस्ट, दुपारचा लंच हे सगळं उन्हाच्या वेळेत चालतं, २०२४ पासून एकाच इमारतीतली सोलर वीज भाडेकरूंना वाटून द्यायची सोपी सोयही आलीय आणि ती दुकानांनाही चालते. मालकाला ग्रिडपेक्षा जास्त भाव मिळतो आणि तुम्हाला ग्रिडपेक्षा कमी द्यावा लागतो.

आणि किचनच्या चिमणीचं आत्ताच बोलून घ्या. तुमच्या एक्झॉस्टचं तोंड छपरावर जिथे उघडतं त्याच्या भोवती पॅनल लावले तर फोडणीचा तेलकट धूर काचेवर बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि पावसाने ती जात नाही. मी असे पॅनल जवळून बघितलेत, बोट फिरवलं तर पिवळट चिकट थर बोटाला येतो. शिवाय डक्ट साफ करणाऱ्याला तिथपर्यंत जायला वाट लागते. नकाशा फायनल व्हायच्या आधी चिमणीभोवती मोकळी जागा मागून घ्या, नाहीतर वर्षभराने मालक तुमच्याच धुराकडे बोट दाखवेल.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ छोटा पॅकेजिंगचा हॉल बांधणार आहोत. एक प्लॉट उल्ममध्ये आणि एक नदीपलीकडे नॉय-उल्ममध्ये. सोलरचा नियम दोन्हीकडे सारखाच ना?

सारखा नाही. मधे डॅन्यूब आहे आणि तीच राज्याची हद्द, उल्म बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये आणि नॉय-उल्म बायर्नमध्ये, म्हणजे बव्हेरियात. उल्मला योग्य छपराचे ६० टक्के, बायर्नमध्ये एक तृतीयांश. बायर्नने धंद्याच्या नव्या इमारतींना १ मार्च २०२३ पासून लावलंय. उल्मच्या बाजूला ३५ पेक्षा जास्त गाड्यांचं नवं पार्किंग केलंत तर त्यावरही सोलरचं छत लागतं, तेव्हा आर्किटेक्टने ३८ जागा काढल्या असतील तर खरंच तेवढ्या लागणार आहेत का ते विचारा.

पण नुसत्या या फरकावरून प्लॉट निवडू नका. पॅकेजिंगच्या मशिनी दिवसभर चालणार, तुम्हाला एक तृतीयांशपेक्षा जास्तच लावावंसं वाटेल. नव्या हॉलमध्ये फक्त एवढं करा की श्टाटिकरला पहिल्याच दिवशी सोलरचं वजन पूर्ण छपरासाठी धरायला सांगा, आज निम्मंच लावणार असलात तरी. कागदावर स्टील थोडं वाढवणं स्वस्त पडतं, उभ्या हॉलला नंतर टेकू देणं फार महाग. आणि युरोपियन युनियनचा २०२४ चा इमारतींचा नवा निर्देश आहे, त्यात २०२६ च्या अखेरपर्यंत २५० स्क्वेअर मीटरच्या वरच्या नव्या व्यावसायिक इमारती, आणि २०२७ च्या अखेरपर्यंत ५०० च्या वरच्या जुन्या इमारतींचं मोठं काम निघालं तर त्याही सोलरखाली येतात. म्हणजे नदीच्या कुठल्याही काठावर सुटका नाहीच.

प्रश्न : भोसरीत माझा मशिन शॉप आहे, २० माणसं. श्टुटगार्टकडच्या एका कंपनीला पार्ट पुरवतो. ते आता विचारतात की तुमची किती वीज सोलरची आहे. आपल्याकडेही हे सक्तीचं होणार का? आणि सरकारच्या सबसिडीत मी बसतो का?

काका, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण तुम्ही सक्ती व्हायच्या आधी विचारताय. छप्पर बदललं की सोलर लावाच असा सरसकट नियम महाराष्ट्रात जुन्या शेडना नाही. २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत हॉस्पिटल, हॉटेल, हॉस्टेल अशा नव्या इमारतींसाठी सोलर वॉटर हीटर किंवा छपरावरच्या सोलरची तरतूद आहे, पण एमआयडीसीचे बांधकाम नियम वेगळे असतात, तिकडे प्लॅन पास करताना वेगळं विचारावं लागतं. चंदीगडने २०१६ मध्येच ५०० चौरस यार्ड आणि वरच्या प्लॉटना सक्ती केली, हरियाणानेही केली, त्यामुळे आपल्याकडे कधीच येणार नाही असं समजून बसू नका. पण तुमच्यापुरती सक्ती तुमच्या गिऱ्हाईकाकडून आलीच आहे हो, आणि ती सरकारी सक्तीपेक्षा कडक असते, कारण तिथे मुदतवाढ मिळत नाही, ऑर्डर दुसरीकडे जाते.

सबसिडीचं स्पष्ट सांगतो, पीएम सूर्यघर योजना घरांसाठी आहे, कारखान्याला नाही. कोणी एजंट 'करून देतो' म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. तुम्हाला मिळतं ते म्हणजे इन्कम टॅक्समध्ये ४० टक्के घसारा, नफ्यात असाल तर पहिल्या एक-दोन वर्षांत चांगला फरक पडतो, सीएला विचारून मार्चच्या आधी सिस्टिम चालू होईल असं बघा. नेट मीटरिंग, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वळती करणं, तुमच्या मंजूर लोडपर्यंतच. पॅनल सरकारच्या मान्यताप्राप्त यादीतलेच हवेत, कोटेशनवर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि माल उतरवताना तोच स्टिकर पॅनलच्या पाठीमागे आहे का ते स्वतः बघा. टीओडीचे, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलणाऱ्या वीजदराचे, स्लॉट मात्र नीट समजून घ्या, दुपारी ग्रिडला दिलेलं युनिट संध्याकाळच्या महाग युनिटसमोर वळतं होईलच असं धरून हिशोब करू नका, तुमच्या कॅटेगरीला आज काय नियम आहे ते महावितरणकडून लेखी घ्या आणि मगच परतफेडीचे आकडे माना. सेकंड शिफ्टवर तुमच्या सीएनसी मशिनी जास्त चालत असतील तर याचा फार फरक पडतो, जमल्यास हीट ट्रीटमेंट, कॉम्प्रेसर अशी जड कामं सकाळी दहा ते चारमध्ये आणता येतील का बघा.

साधा हिशोब म्हणजे एक किलोवॉटला १० स्क्वेअर मीटर जागा आणि आपल्याकडे वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला ४ युनिट. जुलै-ऑगस्टमध्ये तेवढं येत नाही, एप्रिल-मे मध्ये जास्त येतं.

आता तुमच्या पत्र्याबद्दल, जे तुम्ही लिहिलेलं नाही पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. भोसरीतल्या जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे असतात आणि ते माणसाचं वजन घेत नाहीत. वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाऊन ते ठिसूळ होतात, सोलरचा मुलगा वर चढतो, पाय पत्र्याच्या मधे पडतो आणि तो सरळ खाली मशिनवर येतो. असे जीव जातात. तुमच्याकडे सिमेंट पत्रा असेल तर आधी तो काढून प्रोफाइल शीट, म्हणजे धातूचा पन्हाळी पत्रा, टाका, ते झेपत नसेल तर सोलर थांबवा, पण त्या पत्र्यावर कुणालाही चढू देऊ नका. प्रोफाइल शीट आली की स्क्रू पन्हाळीच्या उंचवट्यावर घालायला लावा, खोलगट भागात नाही, आणि प्रत्येक स्क्रूखाली रबराचा वॉशर दिसला पाहिजे. खोलगट भागातून पाणी वाहतं, तिथे मारलेला स्क्रू पहिल्या जूनला गळणार आणि खाली तुमचं व्हीएमसी मशिन उभं असेल. चालायला पॅनलच्या रांगांमध्ये जाळीचा वॉकवे घ्या, वर पाण्याची लाइन न्या, आणि शेजारी ग्राइंडिंगचं वर्कशॉप असेल तर त्याच्या बाजूच्या पॅनलवर लोखंडाची धूळ बसून तांबूस डाग पडतात, ते पॅनल सकाळी उन्हं तापायच्या आधी जास्त वेळा धुवावे लागतील हे ज्याच्याशी मेन्टेनन्सचा करार कराल त्याच्याकडून आत्ताच लिहून घ्या. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सर्टिफिकेट वाऱ्याच्या हिशोबासकट मागा, नुसतं वजनाचं नको, वळिवाच्या वादळात पॅनल वजनाने खाली येत नाहीत, वाऱ्याने वर उचलले जातात.

गिऱ्हाईकाला उत्तर पाठवताना 'आम्ही सोलर लावणार आहोत' असं मोघम लिहू नका. गेल्या १२ महिन्यांची वीजबिलं, मंजूर लोड, छपराचा फोटो आणि कोणत्या तिमाहीत किती किलोवॉट चालू होईल हे एका पानात लिहा. सिस्टिम चालू झाल्यावर जनरेशन मीटरचं रीडिंग दर महिन्याला त्याच पानाखाली जोडत जा. तिकडचा परचेसवाला जाहिरातीचा पीडीएफ उघडूनही बघत नाही, त्याला मीटर नंबर आणि युनिट हवे असतात.